म्हशीला आरओचं पाणी कोण पाजणार?

सकाळी ग्रुपवर फोटो आला. दौंडजवळच्या कुरकुंभच्या, केमिकल कारखान्यांच्या पट्ट्यातल्या आमच्या मावशीच्या गावात आरओ प्लांटचं उद्घाटन. फीत, नारळ, फेटे बांधलेले कंपनीचे साहेब. खाली नुसते हात जोडलेले इमोजी. डोकं फिरलं माझं.

ज्या विहिरीचं पाणी आम्ही लहानपणी ओंजळीनं प्यायलो, त्या विहिरीत मावशी आता भांडीही धुवत नाही. वर तांबूस तवंग, आणि वास असा की काठावर उभं राहवत नाही. बाटलीत पाणी भरून ती एका कार्यालयात गेली होती. काही महिन्यांनी कागद मिळाला, ‘पिण्यास अयोग्य’. तिनं विचारलं, मग आता काय करू? साहेब म्हणाले, पिऊ नका!

बरं, माणसं जार आणतील. म्हशीला दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागतं, ते कुठून आणायचं? मावशीची जनावरं विहिरीचंच पाणी पितात. दूध डेअरीला जातं. पुण्यात चहा पिताना आठवा.

आणि आरओ क्षार गिळून टाकत नाही हो. वेगळं काढलेलं सगळं अजून दाट होऊन दुसऱ्या नळीतून बाहेर पडतं. फोटोत नीट बघा, ती नळी प्लांटमागच्या गटारात सोडलीय. म्हणजे परत जमिनीतच. आपला काळा पाषाण वरून अभेद्य दिसतो, पण झरे येतात ते त्याच्या भेगांतून. रात्री ओढ्यात कारखान्याच्या सांडपाण्याचा टँकर रिकामा झाला की तेही त्याच वाटेनं विहिरीत येतं. पुरात नदी तरी धुऊन निघते, झऱ्याला पूर येत नाही.

हो, पोरांना नोकऱ्या लागल्या, कबूल. मावसभाऊ स्वतः तिथंच शिफ्टला जातो. युरियानंही विहिरी बिघडतात, तेही खरं. पण युरियानं पाणी तांबडं होत नाही.

मावशी मात्र रागावत नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. विहीर खणली तेव्हा काकांनी पहिला पोहरा देवीला वाहिला होता, एवढंच सांगत बसते. दसऱ्याला अजूनही काठावर हळदकुंकू वाहते. त्या पाण्याला!

कोर्टात जा म्हणणाऱ्यांनी उदयपूरजवळचं बिछडी आठवावं. तिथं रासायनिक कारखान्यांनी विहिरी नासवल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ज्यानं घाण केली त्यानं भरपाई द्यायची. पैसे काही निघेनात. २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, ३७.३८५ कोटी भरा, वर १९९७ पासूनचं चक्रवाढ व्याज. मावशी आत्ताच सत्तरीची आहे.

आरओ नको असं म्हणत नाही मी. तहान लागलेल्या माणसाला कोण अडवेल? पण ज्यानं विहीर मारली त्याच्याच गळ्यात आपण हार घालायचा? ग्रामसभेत एकानंही विचारलं नाही, की विहिरींची तपासणी दर पावसाळ्याआधी आणि नंतर कोण करणार, आणि आकडे चावडीवर कधी लावणार?

भावड्या, तू हे वाचणारच आहेस. फोन करून ‘काढून टाक’ म्हणू नकोस. काढणार नाही.