“बाई म्हणून चेअरमन केलं” असं फॉरवर्ड करणाऱ्यांना

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला आणि तिन्हीकडे खाली अंगठे. विषय स्टेट बँकेच्या माजी चेअरमन अरुंधती भट्टाचार्य. मेसेजचं म्हणणं असं की २०१३ मध्ये सरकारला महिलांसाठी काहीतरी केल्याचं दाखवायचं होतं म्हणून बाईला खुर्ची दिली, शिक्षण काय तर इंग्रजी साहित्य, त्यांच्या काळात एनपीए (थकलेली, बुडीत कर्जं) वाढून बँकेचं वाटोळं झालं, आणि वर बायकांना दोन दोन वर्षांच्या रजा देऊन लाड केले. मी स्वतः सरकारी बँकेत आयुष्य काढलंय (स्टेट बँक नाही, दुसरी) त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही.

साहित्याचं आधी उरकते. त्या १९७७ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून परीक्षा देऊन लागल्या. पीओच्या परीक्षेला पदवी कुठलीही चालते, माझ्या बॅचला वनस्पतीशास्त्रवाले होते, इतिहासवाले होते. बँकिंग कॉलेजात नाही, ब्रँचला शिकतात. पुढची ३६ वर्षं त्यांनी त्याच बँकेत काढली, परदेशातल्या पोस्टिंगपासून बंगळुरूच्या सर्कलपर्यंत (सर्कल म्हणजे बँकेचा प्रादेशिक विभाग), मग बँकेच्याच एसबीआय कॅपिटल मार्केट्स या कंपनीच्या प्रमुख, मग मॅनेजिंग डायरेक्टर (एमडी) आणि अर्थविभागाच्या प्रमुख (सीएफओ), आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये चेअरमन. एवढं सगळं झाल्यावर तिचा बीएचा विषय काढायचा?

आता “बाई म्हणून मिळालं”. सरकारने खास बायकांसाठी काढलेली भारतीय महिला बँक नोव्हेंबर २०१३ मध्ये सुरू झाली हे खरं, मेसेज त्याच योगायोगावर उभा आहे. आणि चार एमडींमध्ये त्या नव्या होत्या हेही खरं, ते मी लपवत नाही. पण सरकारी बँकेच्या मुख्य खुर्चीत बाई बसणं ही २०१३ ची टूम नव्हती हो. आपल्या तर्जनी वकील १९९३ मध्ये एक्झिम बँकेच्या (आयात-निर्यातीला कर्ज देणारी सरकारी बँक) प्रमुख झाल्या. रंजना कुमार २००० मध्ये इंडियन बँकेत गेल्या तेव्हा ती बँक पार गाळात होती. २०१२ मध्ये शुभलक्ष्मी पानसे अलाहाबाद बँकेत आणि विजयालक्ष्मी अय्यर बँक ऑफ इंडियात. या सगळ्यांना काय सरकारने फोटो काढायला बसवलं होतं?

आणि खरी गोष्ट तर उलटी आहे, ती बाहेरच्या माणसाला दिसत नाही म्हणून सविस्तर सांगते. सरकारी बँकेत प्रमोशन म्हणजे बदली. स्केल टू (अधिकाऱ्यांची दुसरी श्रेणी) झालात, चला दुसऱ्या जिल्ह्यात. स्केल फोर झालात, चला दुसऱ्या राज्यात. माझ्या बरोबरीच्या किती बायकांनी “मला प्रमोशन नको” असं लेखी दिलंय ते मी मोजू शकते, कारण त्यातलं एक पत्र माझं आहे. मुलगा दुसरीत होता, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, मॅनेजरच्या टेबलाच्या कोपऱ्यावरच चार ओळी लिहिल्या आणि सही करून दिल्या. ते म्हणाले, “मॅडम, एकदा विचार करा.” विचार करूनच लिहिलं होतं. पुरुष सहकाऱ्याला ते पत्र लिहावं लागत नाही, तो बॅग भरतो आणि जातो, घर मागे कुणीतरी सांभाळतं. भट्टाचार्य मॅडमचे मिस्टर खरगपूरच्या आयआयटीत प्रोफेसर, म्हणजे हिच्या बदलीबरोबर ते गाव बदलणार नाहीत. लहान मुलगी. बदल्यांच्या एका टप्प्यावर त्यांनीही नोकरी सोडायचा विचार केला होता. तरी टिकल्या. ज्या चाळणीतून आमच्यासारख्या शेकडो जणी खाली पडल्या त्या चाळणीत जी शेवटपर्यंत राहिली तिला तुम्ही म्हणता बाई असल्याचा फायदा झाला!

एनपीएवर येते, कारण इथे आकडे खरे आहेत आणि अर्थ खोटा लावलाय. स्टेट बँकेचे ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जांत थकलेल्यांचा हिस्सा, मार्च २०१५ ला ४.२५ टक्के होते ते मार्च २०१६ ला ६.५० झाले, पुढच्या मार्चला ६.९०. वाढले, बरोबर. पण मधे काय झालं? २०१५ च्या उत्तरार्धात रिझर्व्ह बँकेने, रघुराम राजन गव्हर्नर असताना, सगळ्या मोठ्या बँकांची खाती उघडून तपासली, एक्यूआर (अ‍ॅसेट क्वालिटी रिव्ह्यू) म्हणतात त्याला. त्याआधी काय चालायचं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मार्च क्लोजिंगची रात्र, एका कारखान्याचा हप्ता नव्वद दिवसांच्या वर जायला आलेला (त्यापुढे थकला की खातं एनपीए), मग त्याच पार्टीला नवीन कर्जाची लिमिट मंजूर करायची, त्यातून जुनं व्याज भरून घ्यायचं, आणि खातं पुन्हा “स्टँडर्ड”, म्हणजे चांगलं. कागदावर सगळं हिरवंगार, आणि कारखान्याच्या गेटला कुलूप. एक्यूआरने ही झाकपाक थांबवली. स्टील, वीज, रस्ते यांची ती कर्जं बहुतेक २००० नंतरच्या तेजीतली, मॅडम चेअरमन होण्याच्या आधीची. ताप थर्मामीटरने येत नाही ना?

आणि तुलना करायची तर त्याच मार्च २०१७ ला आयडीबीआय २१ टक्क्यांच्या वर होती, आपली महाराष्ट्र बँक १७ च्या आसपास. तिथे कोणी बाईचं नाव घेऊन मेसेज फिरवला? स्टेट बँकेचा आकडा मार्च २०१८ ला १०.९१ वर गेला, तोपर्यंत मॅडम निवृत्त होऊन पाच महिने झाले होते आणि १ एप्रिल २०१७ ला विलीन झालेल्या पाच सहयोगी बँकांची बुडीत खातीही त्यात आली होती. विलीनीकरण त्यांच्याच काळात झालं, त्याची जबाबदारी त्यांची, ती घ्या की. टीका करायचीच तर मिनिमम बॅलन्सच्या दंडावर करा. एप्रिल २०१७ पासून तो परत सुरू केला, मेट्रोत ५००० रुपये ठेवा नाहीतर पैसे कापणार, त्यात गरीब खातेदार भरडले गेले, काही महिन्यांत मर्यादा ३००० वर आणावी लागली. तो निर्णय मला तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो. पण त्यात बाई-पुरुष कुठे आला?

राहिली रजा. दोन वर्षांपर्यंतची ती रजा मुलांसाठी किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आजारपणासाठी आहे आणि ती बिनपगारी आहे. याला लाड म्हणणाऱ्यांनी दोन महिने पगाराशिवाय राहून बघावं. माझी एक मैत्रीण स्टेट बँकेत आहे, तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिने राजीनामा टाइप करून ठेवला होता, प्रिंटसुद्धा काढली होती. मग ही रजा मिळते असं कळलं. चौदा महिने आईपाशी राहिली, आई गेली, दिवस झाल्यावर परत जॉइन झाली. आज ती चीफ मॅनेजर आहे. मी लिहून दिलं होतं तसं पत्र तिला लिहावं लागलं नाही.