शंभर किलोमीटरचा न्याय

जीपीएसच्या आधाराने लपवलेले डबे शोधून त्यांतल्या वहीत सह्या करण्याचा आपल्याला कंटाळा आला असेल, आणि आता इतर जिओकॅशरांना पात्रतेच्या अटी घालाव्यात असे वाटू लागले असेल, तर कोल्हापूरकरांसाठी आपण अंतराचे एक चॅलेंज, म्हणजे अट पुरी करणाऱ्यालाच ज्याचा शोध नोंदवता येतो असा डबा, अवश्य रचावे. अट दिसायला सोपी असावी: ‘घरापासून 100 किलोमीटरवरचा डबा शोधलेला असावा.’ घर कोणते आणि किलोमीटर कसले, हे मात्र लिहू नये. सगळेच लिहून टाकले तर आपल्याकडे दाद मागायला कोण येणार?

सुरुवातीला बेळगाव फार उपयोगी पडते. रस्त्याने ते सुमारे 110 किलोमीटर असले, तरी नकाशावर पट्टी ठेवल्यास बिंदू चौकापासूनचे अंतर शंभराच्या थोडे अलीकडेच संपते. त्यामुळे भर उन्हात मोटारसायकल हाकून आलेला तरुण गाडीचे मीटर दाखवू लागला, की आपण अत्यंत नम्रपणे सांगावे की येथे सरळ अंतर धरले जाते, महामार्ग नव्हे. सरळ अंतर धरण्यात गैर काहीच नाही, अक्षांश-रेखांशांवरून तेच नेमके निघते. फक्त ते आधी जाहीर करण्याचा मोह टाळावा. करूळ घाट उतरून वैभववाडी गाठणाऱ्याने वळणांची तक्रार केलीच, तर कष्टांसाठी टेरेनचे, म्हणजे वाटेच्या खडतरपणाचे, 1 ते 5 असे वेगळे मानांकन आहे, हे त्याला ऐकवावे. (हे खरेही आहे, म्हणून जास्त झोंबते.)

घराचा मुद्दा त्याहून गोड आहे. खेळाच्या संकेतस्थळावरील खात्यातले घराचे स्थान हवे तेव्हा बदलता येत असल्याने, नोकरीनिमित्त पुण्यात राहणाऱ्याला रंकाळ्यावर सहज फिरताना सापडलेला डबाही शंभरीपार जातो, आणि जन्मभर शिवाजी पेठेत राहिलेल्याच्या पदरात त्याच डब्याचे काही पडत नाही. शोधलेल्या कोणत्याही दोन डब्यांमधले अंतर मोजावे, म्हणजे घराचा प्रश्नच उरणार नाही, असे कोणी सुचवल्यास ती सूचना किचकट ठरवून बाजूला सारावी.

दुर्दैवाने 2015 च्या एप्रिलमध्ये नवी चॅलेंजे स्वीकारणे वर्षभरासाठी थांबले, आणि 2016 मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा खेळाडूच्या नोंदी तपासून पात्रता सांगणारा चेकर नावाचा प्रोग्राम बंधनकारक झाला. चेकरला भिडस्तपणा नाही. त्याला आरंभबिंदू आणि आकडा आधीच द्यावा लागतो. तरीही धीर सोडू नये. कोडे सोडवल्यावरच ज्याची खरी जागा कळते अशा डब्याचे जाहीर स्थान खऱ्या जागेपासून सुमारे 3 किलोमीटर दूर असू शकते, त्यामुळे बेळगावाकडचा असा एखादा डबा 99 वर धरायचा की 101 वर, हा वाद अख्खा पावसाळा पुरतो. त्यातही हार दिसू लागली, तर पुढच्या चॅलेंजची अट 120 करावी. मात्र त्याआधी आपल्या स्वतःच्या नोंदींत 121 किलोमीटरवरचा डबा आहे ना, एवढे पाहून घ्यावे.