"साहेब, आज दुसरी फेरी गेली"

गेल्या डिसेंबरातला रविवार. मुंबईतल्याच एका क्लबची गोल्फ स्पर्धा. आम्ही चौघं एका पार-थ्रीच्या (तीन शॉटमध्ये संपवायच्या छोट्या होलच्या) टीवर, म्हणजे सुरुवातीच्या जागेवर, पोहोचलो तर तिथे आधीच दोन ग्रुप बसलेले आणि तिसरा ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवर. एका होलवर सोळा खेळाडू. आमचा टी-टाइम (सुरुवातीची वेळ) 8.40चा होता, शेवटचा पट (ग्रीनवरचा हलका शॉट) पडला तेव्हा 2.20 झाले होते. पाच तास चाळीस मिनिटं! माझा स्कोअर किती झाला ते आता आठवतही नाही. लक्षात राहिलंय ते क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, पुसता पुसता आमची बॅग उचलणाऱ्या कॅडीदादांनी म्हटलेलं वाक्य: "साहेब, आज दुसरी फेरी गेली."

दीड वाजता त्यांना दुसऱ्या सभासदाची बॅग मिळणार होती. ते वेळेवर पोहोचले नाहीत म्हणून ती दुसऱ्या कोणाला तरी गेली. त्यांना महिन्याचा पगार नाही, फेरीमागे पैसे मिळतात. आपण झाडाखाली बसून पाणी पीत "काय हा उशीर" म्हणून कुरकुरलो, आणि त्यांची अर्ध्या दिवसाची कमाई बुडाली. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

स्लो प्ले, म्हणजे संथ खेळ, म्हटलं की आपण लगेच माणसं शोधतो. अमुक जण पटिंगला फार वेळ लावतो, तमुक जण चार वेळा प्रॅक्टिस स्विंग करतो. खरं आहे ते, पण आधी ड्रॉ, म्हणजे कोणता ग्रुप कधी सुटणार याची यादी, बघा. दर आठ मिनिटांनी एक फोरबॉल, म्हणजे चौघांचा ग्रुप, सोडलेला असतो. पार-फोरवर पुढच्यांचे दुसरे शॉट झाले आणि ते लांब गेले की मागचे टीवरून मारू शकतात, म्हणजे एका होलवर दोन ग्रुप मावतात. पार-थ्रीवर तसं होत नाही. ग्रीन रिकामं होईपर्यंत टीवर थांबावंच लागतं. हौशी चौघांना टी शॉट, चालणं, चिप (ग्रीनजवळचा छोटा शॉट), पट हे सगळं उरकायला दहा मिनिटं सहज लागतात. ग्रुप आठ मिनिटांनी येणार आणि होल दहा मिनिटांनी मोकळं होणार, म्हणजे प्रत्येक ग्रुपमागे दोन मिनिटं साठत जाणार. अकराव्या ग्रुपच्या वाट्याला वीस मिनिटं येतात, आणि त्यात एकाही खेळाडूची चूक नसते. ही कोंडी ड्रॉ लावतानाच ठरलेली असते.

कमिटीला हे कळत नाही असं मुळीच नाही. तीन तासांत आठ मिनिटांच्या अंतराने 22 ग्रुप सुटतात, दहाच्या अंतराने 18. म्हणजे 16 खेळाडू कमी आणि त्यांची प्रवेश फीही कमी. मुंबईत मैदानं आहेत तरी किती? चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी, हाजी अलीजवळचं विलिंग्डन, कुलाब्याचं यूएस क्लब, पलीकडे खारघर. खेळायला मागणारे भरपूर, त्यामुळे कोणालाही "नाही" म्हणणं जड जातं. पण 88 जणांचा रविवार वाया घालवण्यापेक्षा 72 जणांना नीट खेळू द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आता खेळाडूंकडे वळतो. चौघांचा ग्रुप, प्रत्येकी 90 शॉट, म्हणजे 360 शॉट. प्रत्येक शॉटला दहा सेकंद जास्त लागले तर 3600 सेकंद, पूर्ण एक तास. 2019 साली नियम बदलले तेव्हा शॉट 40 सेकंदांत मारावा अशी शिफारस थेट नियमातच आली. बॉल शोधायची मुदत पाचवरून तीन मिनिटांवर आली. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजायच्या प्रकारात) जो तयार आहे त्याने आधी मारावं यालाही मोकळीक मिळाली. तरीही आमच्याकडे तिघं जण होलपासून सगळ्यात लांब असलेल्या माणसाची वाट बघत हातमोजा काढून उभे असतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो प्रोव्हिजनल, म्हणजे बॉल हरवलाच तर म्हणून आधीच मारून ठेवायचा दुसरा बॉल, न मारल्यामुळे. बॉल झुडपात गेलेला चौघांनीही बघितलेला असतो. पण "मिळेल हो, मिळेल" म्हणत सगळे पुढे जातात, शोधतात, आणि मग एक जण पुन्हा टीपर्यंत चालत येतो. संकोच वाटतो, दुसरं काही नाही. स्टेबलफर्डमध्ये (होलमागे पॉइंट मिळतात त्या प्रकारात) तर त्या होलवर पॉइंट मिळण्याची शक्यता संपली की बॉल उचलायचा असतो. तरीही सातव्या शॉटचा पट चारी बाजूंनी बघणारे मी पाहिलेत.

आमच्या नेहमीच्या ग्रुपमध्ये 74 वर्षांचे एक काका आहेत. गुडघे दुखतात, सावकाश चालतात. पण दुसरा मारत असतानाच त्यांचा क्लब ठरलेला असतो, बॅग पुढच्या टीच्या बाजूला ठेवलेली असते आणि स्कोअर ते ग्रीनवर कधीच लिहीत नाहीत. बॉलजवळ उभं राहिल्यापासून वीस सेकंदांत शॉट झालेला असतो. त्यांच्यामुळे कोणी खोळंबल्याचं मला आठवत नाही. म्हाताऱ्यांवर आणि नवशिक्यांवर सगळं खापर फोडणाऱ्यांनी एकदा त्यांच्यासोबत खेळून बघावं.

अडचणीचा मुद्दा आहे दंडाचा. नियम स्पष्ट आहे: विनाकारण वेळ लावल्यास पहिल्यांदा एक शॉट, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा बाद. 2013च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत ग्वान तियानलांग या 14 वर्षांच्या चिनी हौशी खेळाडूला दुसऱ्या फेरीत सतराव्या होलवर एक शॉटचा दंड झाला होता. पोराने तो मान्य केला, कटमध्ये, म्हणजे पुढच्या फेऱ्यांसाठीच्या निवडीतही, टिकला. मोठमोठे व्यावसायिक संथ खेळूनही सुटतात आणि सापडला तो नेमका शाळकरी मुलगा, हे तेव्हा अनेकांना खटकलं. मलाही खटकलं. आपल्याकडेही तेच चालतं. नव्या पोराला मार्शल (मैदानावर खेळाच्या वेळेवर लक्ष ठेवणारा) दरडावतो आणि ज्येष्ठ सभासद सात मिनिटं झुडपात बॉल शोधत असले तरी त्यांना घड्याळ दाखवायची हिंमत कोणाला होत नाही.

मी स्वतः एकदा मार्शल होतो. असाच प्रसंग आला. ज्यांच्या कंपनीने बक्षिसं दिली होती, तेच गृहस्थ मागे पडले होते आणि त्यांच्यापुढे अख्खा होल रिकामा. मी जवळ गेलो, नमस्कार केला, "छान चाललंय ना?" म्हणालो आणि परत फिरलो. त्यांच्यामागे पाच ग्रुप ताटकळत होते. याची मला आजही लाज वाटते.

मार्चमधल्या स्पर्धेसाठी मी कमिटीला पत्र दिलंय. दहा मिनिटांचं अंतर. सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या होलवर किती वाजता पोहोचायचं ते प्रत्येक स्कोअरकार्डावर छापलेलं. वेळ उलटली आणि पुढे होलही रिकामा असेल तर आधी ताकीद, मग घड्याळ, मग दंड, आणि तो कोणालाही असो, संध्याकाळी फळ्यावर लावायचा. मार्शल म्हणून माझं नाव मी दिलंय, पण एकट्याने होणार नाही. बारा ते अठरा होलसाठी आणखी दोघं हवेत. ज्यांना जमेल त्यांनी खाली कळवा. त्या दिवशी खेळता येणार नाही हे आधीच सांगतो.