गाडीवर किती माणसं होती?

मागच्या जानेवारीत आई माझ्याकडे अमेरिकेत असताना बाथरूममध्ये घसरून पडली. मी ९११ लावला. ॲम्ब्युलन्सच्या आधी दारात आगीचा बंब येऊन उभा राहिला आणि त्यातून चार धिप्पाड माणसं उतरली. ती बुटांसकट आत शिरली, तेव्हा फरशीवर आडवी पडलेली आई कण्हत कण्हत म्हणते, "अगं, देवघराकडून नको येऊ म्हणावं त्यांना." त्यातल्या एकाला शब्द नाही, पण हाताची खूण कळली. तो देवघराला वळसा घालून आला, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळव्यांत तिची मान धरून ठेवली. दुसऱ्याने मला औषधं विचारली. तिसऱ्याने तोवर पायरीवरचं बर्फ फावड्याने ओढून स्ट्रेचरपुरती वाट केली. चौथा वायरलेसवर. खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं.

रात्री मामाला फोन केला. मामा एका नगरपालिकेच्या बंबावर एकतीस वर्षं काढून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाला. बहिणीची चौकशी झाली, एक्स-रे झाला का विचारून झालं, आणि मग, "गाडीवर किती माणसं होती गं?"

"चार."

"ड्रायव्हर धरून?"

"हो."

पलीकडे थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणाला, "पडलेल्या बाईला चार! आम्ही तेलाच्या गोदामाला तिघं जायचो. त्यातला एक पंपावर."

हे आठवायचं कारण आमच्या शाळेच्या ग्रुपवर नुकतीच झालेली वादावादी. कुठल्याशा महापालिकेतल्या संपाच्या नोटिशीची बातमी कुणीतरी टाकली, त्यात अग्निशमन दलही होतं. चाकणला स्वतःचं युनिट असलेल्या आमच्या एका मित्राने लिहिलं की बंबवाल्यांना युनियन हवीच कशाला? पोलिसांच्या संघटनांवर १९६६च्या कायद्याने बंधनं आहेत, तशीच यांच्यावर घाला, शिस्तीचं खातं आहे. खाली अंगठ्यांची रांग. याच मित्राने एप्रिलमध्ये अग्निशमन दिनाला हात जोडलेले इमोजी टाकून 'खरे हिरो' लिहिलं होतं. त्याला खोटं पाडायचं नाही मला. दोन्ही वेळा तो मनापासूनच लिहीत होता, आणि मला तिथेच अडकायला होतं.

मी राहते ते गाव वूस्टरला लागून आहे. मॅसॅच्युसेट्समधलं बोस्टननंतरचं मोठं शहर. (नकाशावर बघून आपण 'वॉर्सेस्टर' म्हणतो. मीही पहिलं वर्षभर म्हणायचे, समोरचा माणूस सभ्यपणे ऐकून घ्यायचा.) शहर जुनं कारखान्यांचं. कामगारांसाठी बांधलेली तीन मजली लाकडी घरं, 'थ्री-डेकर', अजून गल्ल्यागल्ल्यांत उभी आहेत. एका मजल्यावर एक बिऱ्हाड, मागे एकावर एक सज्जे. गिरणगावातल्या चाळींचीच ही दूरची बहीण, फक्त लाकडाची आणि म्हणून जास्त जळणारी.

३ डिसेंबर १९९९च्या संध्याकाळी इथल्या फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या शीतगृहाला आग लागली. १९०६ची सहा मजली विटांची इमारत, खिडक्या जवळपास नाहीतच, आणि थंडावा राखायला भिंतींना आतून बुचाच्या लाकडाचे, डांबराचे थर. तिथे आसऱ्याला राहणाऱ्या दोन बेघर माणसांच्या हातून मेणबत्ती कलंडली. ती दोघं निघून गेली होती, पण आत आहेत असं समजून जवान त्यांना शोधायला शिरले. धुरात दोघांची वाट चुकली, सिलिंडरमधली हवा संपत आली. त्यांना शोधायला आणखी गेले, त्यातले चौघे परतले नाहीत. माइक मॅकनॅमी नावाचे डिस्ट्रिक्ट चीफ जिन्याच्या दारात आडवे उभे राहिले आणि आत जाऊ पाहणाऱ्या स्वतःच्याच माणसांना त्यांनी अडवलं. सहा गेले, सातवा जाऊ देणार नाही. शेवटचा मृतदेह हाती यायला आठवडा लोटला.

शोकसभेला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आले, देशभरातून हजारो जवान गणवेशात रस्त्यांवरून चालले. फुलं, भाषणं, सगळं झालं. पण मला इथे राहून जे दिसलं ते त्यानंतरचं आहे. वूस्टरच्या जवानांची युनियन म्हणजे 'लोकल १००९'. इथे युनियनच्या शाखेला नंबर असतो आणि लोक तो आडनावासारखा लावतात. वॉशिंग्टनमध्ये २८ फेब्रुवारी १९१८ला स्थापन झालेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या या शाखा. असं काही घडलं की या लोकांना शोकसभेनंतर घरी जायचं नसतं, कागद हवे असतात. ड्यूटीवरच्या मृत्यूची चौकशी करणारी एक केंद्रीय संस्था आहे, ती इमारतीच्या नकाशापासून वायरलेसवर कोण कधी काय बोललं इथपर्यंत सगळं मांडून जाहीर अहवाल काढते. वूस्टरचाही निघाला. शहरातल्या पडक्या, धोक्याच्या इमारतींवर आता लाल चौकोनात फुली दिसते. त्या फुलीचा अर्थ, माणूस आत आहे अशी खात्री नसेल तर जीव घालू नका. मुलीला बसस्टॉपवर सोडताना अशी एक फुली रोज दिसते.

आणि मामाचा प्रश्न. गाडीवर चार का? कारण इथल्या फायरहाऊसमध्ये एक नियम पाठ असतो: दोन आत, तर दोन बाहेर. आतल्यांचं काही झालं तर त्यांना काढायला बाहेर दोघं तयार हवेत. २००१ साली आलेल्या राष्ट्रीय मानकातही प्रत्येक बंबावर किमान चार असा आकडा आहे. पण मानक म्हणजे कायदा नव्हे. शहराच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली की पहिला हा चौथा माणूस दिसतो, कारण बहुतेक दिवस तो रिकामाच बसलेला असतो. तो रिकामा बसावा म्हणून भांडतं कोण? नागरिक नाहीत. आयुक्त तर नाहीतच. दर करारात हा मुद्दा टेबलावर ठेवणारी एकच जागा आहे आणि तिला आपण तुच्छतेने युनियनबाजी म्हणतो.

मित्राचा मुद्दा संपाचा होता, तर तेही सांगते. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्याला संप करता येत नाही, फायरमनलाही नाही. १९१९च्या सप्टेंबरात बोस्टनच्या पोलिसांनी संप केला, शहरात लुटालूट झाली, हजाराच्या वर पोलीस घरी बसले आणि संप मोडणारे गव्हर्नर कूलिज पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. ती आठवण इथे अजून ताजी आहे. पण संपाचं दार बंद करताना इथे दुसरं उघडं ठेवलंय. करार अडला तर पोलीस आणि अग्निशमनासाठी वेगळी समिती आहे, प्रकरण लवादापर्यंत नेता येतं. आपल्याकडे मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधला संप रोखणारा कायदा, लागला अशी बातमी येते, मग संप मिटल्याची येते. मागणीचं काय झालं, ही तिसरी बातमी मी क्वचितच वाचली आहे.

आता कुणी म्हणेल, गेली परदेशात आणि लागली आरती ओवाळायला. तसं नाही. बोस्टनच्या युनियनने जवानांच्या दारू-ड्रग्जच्या अचानक चाचण्यांना होकार द्यायचे पैसे मागितले होते, आणि २०१०मध्ये लवादाने पगारवाढीत ते धरूनही दिले. लोक भडकले, आणि बरोबर भडकले. त्याच बोस्टनच्या दलात गोऱ्यांखेरीज इतरांना जागा मिळावी म्हणून १९७४पासून जवळजवळ तीस वर्षं कोर्टाचा आदेश लागला. आजोबा, बाप, मुलगा अशी भरती चालायची, युनियनमधला बंधुभाव पुष्कळदा त्याच घरांपुरता होता.

सगळ्यात बोचणारी गोष्ट वूस्टरचीच आहे. फायरमनचा जाड कोट-पँट पाण्यात भिजू नये म्हणून त्यात पीएफएएस नावाची रसायनं वापरतात, निसर्गात आणि शरीरात वर्षानुवर्षं टिकणारी. वूस्टरच्या एका जवानाच्या बायकोने नवऱ्याच्या कॅन्सरनंतर हा विषय उकरला. नमुने प्राध्यापकांना पाठवले, उत्पादकांना पत्रं लिहिली. तेव्हा तिला उडवून लावणाऱ्यांत वॉशिंग्टनमधलं युनियनचं नेतृत्वही होतं. मग सदस्य खालून रेटायला लागले. २०२१मध्ये अधिवेशनात ठराव झाला, त्याच वर्षी नेतृत्व बदललं, आणि पुढे याच युनियनने या पोशाखांचं मानक ठरवणाऱ्या संस्थेवर मॅसॅच्युसेट्समध्येच दावा लावला. २०२४मध्ये राज्याने कायदा केला, २०२७पासून असे पोशाख इथे विकता येणार नाहीत. फायरमनचं काम कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२मध्ये पहिल्या गटात घालून सांगितलंय. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आता जवानाला ठरावीक कॅन्सर झाला तर तो कामामुळेच झाला असं धरून चालतात. नाही झाला हे सिद्ध करायचं ते शहराने. मामाबरोबरचे दोघं फुप्फुसाने गेले. दोघांच्याही घरच्यांना 'बिडीने गेले' असं सांगण्यात आलं. बिडी ओढायचेच ते, पण धूर काय फक्त बिडीचाच होता?

उन्हाळ्यात आमच्या चौकात सिग्नलला हे लोक बूट घेऊन उभे राहतात. अक्षरशः पायातला रबरी गमबूट. त्यात तुम्ही एक-दोन डॉलर टाकायचे, ते स्नायू झिजण्याचा आजार असलेल्या मुलांच्या संस्थेला जातात. १९५४मध्ये बोस्टनच्या जवानांनी दारोदार फिरून सुरू केलेली ही वर्गणी पुढच्याच वर्षी त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपली मानली. मला पहिल्यांदा गणपतीची वर्गणीच आठवली. पावतीबुक नाही आणि 'काकू, एवढेच?' नाही, एवढाच फरक. हिवाळ्याच्या तोंडावर युनियनच्या कित्येक शाखा शाळांत कोट वाटतात, कुणाचे जुने नाहीत, कोरे. यात निव्वळ परोपकार आहे असं मी मानत नाही. नगर परिषदेच्या निवडणुकीत हेच लोक उमेदवाराच्या नावाच्या पाट्या घेऊन त्याच चौकात उभे असतात. चौथ्या माणसाचा प्रश्न मतदानाला आला की बुटाने जमवलेली पुण्याई ते वटवतात. वटवू देत. ज्याने आईची मान धरली तो मला मत मागायला आला तर मी दार तरी उघडते.

आपल्याला हे परकं वाटावं याचंच नवल आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगार जमवले, त्यांच्या रेट्याने १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. तेच लोखंडे प्लेगात मुंबईकरांची शुश्रूषा करताना १८९७मध्ये प्लेगानेच गेले. युनियन आणि लोकांची सेवा हे आपल्याकडे एकाच माणसात होतं. मधे १९८२चा संप झाला, गिरण्या गेल्या, आणि 'युनियन' म्हटलं की आमच्या पिढीला बंद भोंगाच आठवायला लागला.

१४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. अग्निशमन दिन त्यांचाच. (तारीख आंबेडकर जयंतीची. त्या दिवशी देशाचं मजूर खातं बाबासाहेबांकडेच होतं, आणि युनियनला मालकाने मान्यता द्यावी असं विधेयक त्यांनी आदल्याच वर्षी मांडलं होतं. हा योगायोग कुणी फारसा सांगत नाही.) ९ मे २०१५ला काळबादेवीत आग लागलेली गोकुळ निवास ही इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच गेले, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्याच महिन्यात रुग्णालयात. मी मामाला विचारलं, त्यातून काय शिकायचं याचा एखादा कागद तुमच्या केंद्रावर आला होता का? तो म्हणाला, "श्रद्धांजलीचं परिपत्रक आलं होतं. दोन मिनिटं उभं राहायचं. राहिलो."

मामाच्या केंद्रात आता निम्मे कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा ऑर्डर. त्यांना युनियन नकोच, म्हणजे मागितली तर बारावा महिना उजाडणार नाही. ग्रुपवरच्या मित्राला हवी ती शिस्त तिथे पूर्ण आलेली आहे.

ऑक्टोबरात मामा आईला न्यायला आला. त्याला पानगळ दाखवायला नेलं, बोस्टन दाखवलं, पण त्याला बघायचं होतं फ्रँकलिन स्ट्रीटचं फायर स्टेशन. जळालेल्या शीतगृहाच्या जागीच ते बांधलंय, बाहेर त्या सहा जणांचं स्मारक आहे. मामाने चप्पल काढून नमस्कार केला. आतून एक तरुण जवान बाहेर आला. हेही फायरमन, असं मी सांगितल्यावर त्याने मामाला थेट बंबाच्या केबिनमध्ये चढवलं. मामाने ना स्टिअरिंगला हात लावला, ना फोटो काढून घेतला. मागे वळून त्याने बोट दाखवत सीटा मोजल्या आणि खाली माझ्याकडे बघून मान हलवली.

निघताना पोराने त्याला निळा टी-शर्ट दिला. पाठीवर मोठ्या आकड्यांत १००९. आता मामा तो घालून सकाळी तलावावर फिरायला जातो. परवा तिथल्या कट्ट्यावर कुणीतरी विचारलं, नातवाच्या क्रिकेट टीमचा का हो? मामा म्हणाला, "नाही, आमच्या युनियनचा नंबर आहे."