पोटाशी कलिंगड धरलेला माणूस

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक माणूस राहायचा. लाल रंगाचा, खुर्चीत बसलेला, पट्टा लावलेला, पुढ्यात हा एवढा गोल. तो गोल म्हणजे फुगलेली एअरबॅग, हे मी आईला दोनदा समजावलं. "मला तर बाई कुणीतरी कलिंगड पोटाशी धरून एसटीत बसलंय असं वाटतं," असं ती म्हणाली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात तो कलिंगडवाला झाला.

किल्ली फिरवली की बाकीच्या दिव्यांबरोबर तोही पाच-सहा सेकंद दिसतो आणि जातो. तसं व्हायलाच हवं. तेवढ्या वेळात एअरबॅगचा कॉम्प्युटर सगळ्या वायरी, सेन्सर, पट्टे जागेवर आहेत ना ते बघून घेतो. आमच्याकडे मात्र हा गृहस्थ एकदा गेला की वाटेत कधीतरी परत यायला लागला. आला की गाडी बंद करेपर्यंत मुक्काम. परत चालू केली की गायब, मग आठ-दहा दिवस पत्ता नाही.

कायम पेटून राहणारा दिवा परवडला. तो निदान भांडतो तरी तुमच्याशी. अधूनमधून येणाऱ्या दिव्याची आपल्याला सवय होते, आणि सवय झाली की तो डॅशबोर्डवरचा गणपती होतो, रोज समोर असतो पण कुणी बघत नाही. आमच्या नवरोबांचं म्हणणं, "अगं, गाडी चालतेय ना?" चालतेय. एअरबॅग नसली तरी गाडी झकास चालते. ती लागते तेव्हा पाव सेकंदसुद्धा लागत नाही, आणि तो पाव सेकंद कधी येणार ते कॅलेंडरवर छापलेलं नसतं. दिवा पेटलेला असताना ती उघडेल की नाही याची कुणीही खात्री देत नाही, गाडीबरोबर आलेलं पुस्तकसुद्धा नाही. त्यात सरळ लिहिलंय, ताबडतोब तपासून घ्या.

म्हणून गेले सर्व्हिस सेंटरला. नाव लिहीत नाही, गाडीचंही नाही, कारण मग कमेंटमध्ये विषय तिकडेच जाईल. गेले त्या दिवशी दिवा अर्थातच नव्हता. दवाखान्याच्या पायरीवर दात दुखायचा थांबतो ना, तसं. तिथल्या मुलाने वायर जोडली, लॅपटॉपवर काहीतरी दाबलं आणि दहा मिनिटांत परत आला. "कोड होता मॅडम, क्लिअर केला. गाडी ओके." मी विचारलं, कुठला कोड? "सेन्सरचा." कुठल्या सेन्सरचा? त्यावर तो असा हसला की जणू मी त्याला त्याचा पगार विचारला. जॉब कार्डवर एक अक्षर नाही. बिल पाचशे अधिक जीएसटी, म्हणजे पाचशे नव्वद.

माझा सगळा राग इथे आहे. दिवा अधूनमधून येत असेल तर त्या बिघाडाचा एकमेव साक्षीदार म्हणजे कॉम्प्युटरमध्ये साठलेला तो कोड. दिवा विझला तरी तो जुन्या नोंदींत पडून असतो आणि कुठल्या सर्किटमध्ये काय झालं ते सांगतो. ह्या पठ्ठ्याने साक्षीदाराची जबानी न घेता त्याला गावाला पाठवून दिलं, वर पाचशे नव्वद रुपये घेतले. मी बँकेत नोकरी करते. कॅश जुळत नाही म्हणून आम्ही वही फाडून टाकली तर साहेब काय म्हणतील?

(जाता जाता, भाच्याने ऑनलाइन मागवलेलं हजार रुपयांचं ब्लूटूथ यंत्रही लावून पाहिलं. ते म्हणालं, काहीच बिघाड नाही. त्याच्यापुरतं खरंच बोलत होतं. तसली स्वस्त यंत्रं बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, पी अक्षराचे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड बी अक्षराने सुरू होतात आणि ते वाचायला एअरबॅगपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो.)

आठव्या दिवशी कलिंगडवाला परत आला. तेव्हा मी एक काम केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दुधाचे खाडे लिहिते. त्याच चौकोनात, ज्या दिवशी दिवा आला त्या दिवशी बारीक 'क' लिहायला सुरुवात केली. सोबत दोन शब्द: कुठे, पाऊस होता का, कोण बरोबर होतं.

तीन महिन्यांत सात क झाले. त्यातले सहा दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारचे. नवरा म्हणाला, दिव्याला बँकेच्या सुट्ट्या पाठ आहेत.

तेवढ्यात सर्व्हिस सेंटरची दुसरी फेरी झाली. या वेळी साहेब स्वतः आले आणि म्हणाले, क्लॉक स्प्रिंग गेलीय, बदलू, साडेअकरा हजार. क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टीअरिंगच्या आत गुंडाळून ठेवलेली चपटी पट्टी. स्टीअरिंग गोल फिरतं पण वायर तुटता कामा नये, म्हणून ती घड्याळातल्या स्प्रिंगसारखी उलगडते आणि गुंडाळते. ड्रायव्हरच्या एअरबॅगचा करंट तिच्यातूनच जातो, हॉर्नचा आणि स्टीअरिंगवरच्या बटणांचाही. ती जाते, नाही असं नाही. वर्षानुवर्षं फिरून ती पट्टी तुटणं हे या दिव्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. पण माझा हॉर्न खणखणीत, बटणं चालू. आणि यवतेश्वरच्या घाटात, जिथे स्टीअरिंग लिंबू पिळल्यासारखं फिरवावं लागतं, तिथला एकही क माझ्या कॅलेंडरवर नव्हता. मी विचारलं, कोड क्लॉक स्प्रिंगचाच आहे का, दाखवा. तर म्हणे, "मॅडम, अनुभवावरून सांगतोय." मी किल्ली मागून घेतली.

दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मी काय करते? वाईहून आईला साताऱ्याला आणते, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे. म्हणजे दिवा येतो तेव्हा शेजारच्या सीटवर आई असते. "सासूबाईंना गाडी ओळखते," हा विनोद घरात होऊन गेला. पण सातवा क आईचा नव्हता. तो सोमवारचा होता, आमच्या शाखेत बदलून आलेल्या साहेबांना स्टँडवरून आणलं त्या दिवशीचा. आईत आणि त्या सहा फुटी साहेबांत साम्य काय, हा प्रश्न घेऊन मी दोन दिवस भाजी चिरली. मग आठवलं. एरवी ती सीट पुढे सरकवलेली असते, कारण मागे चिरंजीव पाय पसरून बसतात. आई बसली की गुडघ्यांसाठी सीट पार मागे ढकलते. साहेबांनीही ढकलली होती.

हे घेऊन मी पोवई नाक्याच्या जरा आत एका जुन्या वायरमन काकांकडे गेले. डोक्यावर पत्रा, दाराशी बॅटऱ्यांची रांग. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ताई, सीटकव्हर कधी घातलं?"

गाडी घेतली त्याच आठवड्यात. आपल्याकडे गाडी शोरूममधून निघते ती आधी देवळात जाते आणि मग सीटकव्हरवाल्याकडे.

काकांनी आधी कोड वाचला आणि वहीच्या कागदावर लिहून माझ्या हातात दिला: डाव्या बाजूच्या साइड एअरबॅगचं सर्किट, रेझिस्टन्स (म्हणजे विजेला होणारा अडथळा) जास्त. मग किल्ली चालू ठेवून, स्कॅनरकडे बघत, सीट हळूहळू मागे सरकवली. आकडा २.२ वर होता. सीट शेवटच्या खाचेत गेली तसा तो पाचच्या पुढे पळाला आणि समोर कलिंगडवाला हजर. इतका आनंद मला तो दिसल्यावर कधीच झाला नव्हता.

एअरबॅगच्या सर्किटचा हा रेझिस्टन्स साधारण दोन-तीन ओहम असतो. कॉम्प्युटर त्यात सतत अगदी बारीक करंट सोडून तो मोजत बसतो. कनेक्टर जरा सैल झाला, पिनेवर ओल बसली, उंदराने वायर कुरतडली की एवढासा फरक पडतो आणि दिवा लागतो. पावसाळ्यात कार्पेट भिजून राहिलं तरी हेच होतं, कारण कनेक्टर तिथेच सीटखाली असतात. बॅटरी मरायला आली तरी हा दिवा लागू शकतो.

मग काकांनी किल्ली काढली, बॅटरीची निगेटिव्ह सोडली, आणि चहा सांगितला. मला वाटलं, झालं, आता तासभर गेला. ते म्हणाले, "घाई नाही करायची. हिच्या पोटात अजून जीव आहे." अपघातात बॅटरीच तुटली तरी एअरबॅग उडावी म्हणून त्या कॉम्प्युटरमध्ये थोडी वीज साठवलेली असते. ती उतरेपर्यंत एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला हात लावायचा नाही. आणि त्या वायरीवर मीटर किंवा टेस्ट लॅम्प तर कधीच लावायचा नाही. मीटरचा तेवढा करंटसुद्धा बार उडवायला पुरू शकतो. व्हॉट्सॲपवर "बॅटरी काढून परत लावा, दिवा जातो" आणि "फ्यूज काढून टाका" असे सल्ले मोफत फिरतात ते वाचणाऱ्यांनी या चहाची आठवण ठेवावी. फ्यूज काढला की एका सीटची नाही, सगळ्याच एअरबॅग मेल्या.

चहा संपला. काका आडवे झाले, टॉर्च दातात धरली आणि मला खाली बघायला लावलं. सीटखाली पिवळा कनेक्टर. गाडीत पिवळा रंग दिसला की समजायचं, एअरबॅगची वायर. कव्हर घालणाऱ्याने सीट बाहेर काढताना वायरी बांधलेली प्लास्टिकची पट्टी कापली होती आणि परत बांधली नव्हती. कनेक्टर बसवला होता, पण त्याची कडी टक् करून पूर्ण लागली नव्हती. त्यामुळे सीट पुढे असली की वायर सैल, सगळं ठीक. आई बसली, सीट मागे गेली की वायर ताणायची आणि कनेक्टर केसभर बाहेर यायचा. काकांनी पिना स्प्रेने साफ केल्या, कडी टक् वाजेपर्यंत दाबली, वायरीला झोळ देऊन नवी पट्टी बांधली. वायर तोडून जोडायचा विषयच नाही म्हणाले, एअरबॅगच्या वायरीला सोल्डर मारणारा वायरमन दिसला तर तिथून पळा. सहाशे रुपये झाले.

कोड त्यांनीही पुसला. पण वाचून, कारण काढून, मग. आणि मग सीट दहा वेळा मागेपुढे करून पाहिली.

पैसे देताना ते म्हणाले, "ताई, आता हे कव्हर काढा." का? त्यांनी सीटच्या पाठीची दाराकडची कड दाबून दाखवली. साइड एअरबॅग तिथून बाहेर येते, पापणी लवायच्या आत. साइड एअरबॅगच्या सीटसाठी बनवलेल्या कव्हरला त्या कडेची शिवण मुद्दाम कच्ची ठेवतात, फाटायला. माझं कव्हर सगळीकडून दुहेरी टीप मारलेलं, गादीच्या खोळीसारखं. म्हणजे वायर ठणठणीत असती, दिवा कधीच आला नसता, तरी आईच्या बाजूची एअरबॅग आधी त्या रेक्झिनशी भांडत बसली असती.

गाडी घेताना आम्ही एअरबॅग मोजून घेतल्या होत्या, सहा. आपल्याकडे सगळे मोजतात आता. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, २०२१ मध्ये शेजारच्या सीटचीही झाली, सहाची सक्ती येणार-येणार म्हणत आली नाही. पण घेतल्यावर त्या जिवंत आहेत का हे कुणी विचारत नाही. पीयूसी नसली तर चौकात पावती फाटते. मामेभाऊ इंग्लंडमध्ये असतो, तिकडे तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षं कुणी हात लावून बघत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅगचा कंट्रोलर तपासायला १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, तेव्हा संशय असलेल्या गाड्या भाग बदलेपर्यंत चालवू नका असं सांगितलं होतं. माझी गाडी त्यातली नाही. पण कंपनी जी गोष्ट इतक्या गांभीर्याने घेते तीच काउंटरवरचा मुलगा "तसं काही नसतं मॅडम" म्हणून कशी उडवतो, मला कळत नाही.

एक गोष्ट काकांनी जाता जाता सांगितली ती जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. दिवा पेटत नाही म्हणून खूश होऊ नका. किल्ली फिरवल्यावर तो आधी लागतो का ते बघा. अपघात झालेल्या गाडीत फुटलेली एअरबॅग बदलण्याऐवजी काही लोक तेवढाच रेझिस्टन्स दाखवणारा छोटा तुकडा, रेझिस्टर, बसवतात, म्हणजे कॉम्प्युटरला वाटतं सगळं जागेवर आहे. काही जण दिवाच काढून टाकतात. सुरुवातीला लागलाच नाही तर गाडी तिथेच सोडून घरी या.

कव्हर मी घरी येऊन स्वतः काढलं. घाम निघाला. आईच्या सीटच्या कडेला, बोटाएवढी, एक शिवलेली चिठ्ठी निघाली: एसआरएस एअरबॅग. गाडी घेतल्यापासून मी ती पहिल्यांदा पाहिली.

आईला नवी सीट आवडलेली नाही, कापड अंगाला गरम लागतं म्हणते. पण गेल्या शनिवारी वाईत गाडीत बसली, सीट शेवटपर्यंत मागे ढकलली, पट्टा लावला आणि मी किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डकडे बोट करून मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. "गेला गं. चल आता."