'नुसती बटणं दाबायचा' या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, स. न.

लोकल केबलच्या बातम्यांचे दिग्दर्शक असलेल्या आमच्या सरांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "नगरसेवकांचे वाढदिवस दाखवणारं ते चॅनेल. तो आत बसून नुसती बटणं दाबायचा, त्याला दिग्दर्शक कसलं म्हणता? पैसे घेऊन बातम्या लागायच्या हे सगळ्या पुण्याला माहीत आहे. आणि लेख किती तो लांब!"

लेख लांबला, मान्य. सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्राचा परिच्छेद गाळता आला असता. पण ज्या माणसाला तुम्ही कधी भेटला नाहीत, त्याला चारचौघांत 'तो' म्हणायचं? टीका जरूर करा, पण ती करायचीही काही रीत असते. माझ्या घरी या माणसाचं नाव आदराने घेतात.

आता बटणांचं. त्या कंट्रोल रूममध्ये सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी काम शिकलो, म्हणून अधिकाराने सांगतो. मोठ्या वाहिनीच्या पीसीआरमध्ये, म्हणजे अशाच कंट्रोल रूममध्ये, स्विचरला (कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं त्या बटणांना) एक माणूस, आवाजाला दुसरा, ग्राफिक्सला तिसरा. दिग्दर्शक फक्त सूचना देतो. आमच्याकडे हे सगळं सरच करायचे. डोळे प्रिव्ह्यूवर, म्हणजे पुढे दाखवायच्या चित्राच्या पडद्यावर, कानात कॅमेरामनशी बोलायचा टॉकबॅक, मांडीवर अँकरच्या स्क्रिप्टची प्रत. पुढची टेप क्यू, म्हणजे लावून तयार, झालेली नसेल, तर तोवर अँकरला कशावर बोलतं ठेवायचं हेही त्यांनीच सुचवायचं.

विसर्जन मिरवणुकीचं लाइव्ह तुम्ही घरी चहा पीत पाहिलं असेल. एक कॅमेरा बेलबाग चौकातल्या गच्चीवर, एक अलका टॉकीजपाशी. मानाचा कसबा गणपती पुढे सरकला की मागे तांबडी जोगेश्वरी कुठवर आलाय, गुरुजी तालमीचं पथक थांबलंय की चाललंय, सगळं डोक्यात ठेवून कट द्यायचा, म्हणजे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं, आणि तोही ढोलाच्या ठोक्यावर. सर ओठांतल्या ओठांत ठोका मोजायचे, "टू रेडी... टेक" म्हणायचे आणि त्याच क्षणी बोट खाली यायचं. एक ठोका चुकला तरी चिडायचे, स्वतःवर.

13 फेब्रुवारी 2010, शनिवारची संध्याकाळ. जर्मन बेकरीत स्फोट झाला. आधी सिलिंडर फुटला असंच सगळे म्हणत होते. आमचा कॅमेरामन कोरेगाव पार्कातून बाइकवर टेप घेऊन आला. बुलेटिन तोंडावर आलेलं. सरांनी टेप पळवत पाहिली आणि ज्यांत चेहरे ओळखू येत होते ते शॉट काढायला लावले. मी म्हटलं, बाकीचे दाखवतायत की. ते म्हणाले, "यांच्या घरी अजून कळलं नसेल. आणि आपण त्याच घरांत दिसतो." तुम्ही म्हणता ती बटणं त्या दिवशीही त्यांच्याच हाताखाली होती. याला दिग्दर्शन म्हणायचं नसेल, तर कशाला म्हणायचं ते एकदा सांगाच. तुम्ही कधी कंट्रोल रूमचं दार तरी उघडलंय का?

2007 मध्ये चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या निघाल्या तेव्हा आमच्यातले बरेच जण मुंबईला गेले. सरांनाही बोलावणं होतं. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ते गेले नाहीत. 2013 मध्ये पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि पुढे आमचं चॅनेलही बंद पडलं. पगार थकलेला असताना त्यांनी शेवटचं बुलेटिन नेहमीच्याच काटेकोरपणे केलं. नंतर लग्नांची शूटिंग केली. त्यात कमीपणा वाटणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही.

वाढदिवसांच्या बातम्या लागायच्या, त्यावर चॅनेल चालायचं. त्या सरांनी आणलेल्या नसायच्या. राहिला पैशांचा आरोप. 'सगळ्या पुण्याला माहीत आहे' हा पुरावा होत नाही. कोणती बातमी, कोणत्या साली, कुणाकडून, हे लिहा. मग बोलू.