फ्रान्सिस फार्मरचा मेंदू कुणी कापला नव्हता

शुक्रवारी रात्री मावशीचा फोन. माझी मावसबहीण आठ महिने नैराश्यावरच्या गोळ्या घेतेय, जरा कुठे धड जेवायला लागलीय, आणि दोन दिवस तिने गोळ्यांना हातच लावला नाही. कारण? सोसायटीच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड. "हॉलिवूडची ऑस्करविजेती फ्रान्सिस फार्मर. देव नाही म्हणाली, कम्युनिस्ट झाली, म्हणून सरकारने तिला वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं, डोळ्यातून सळई घालून मेंदू कापला. उरलेलं आयुष्य ती जिवंत प्रेतासारखी जगली. मनाच्या डॉक्टरांपासून सावध!" खाली हात जोडलेले तीन इमोजी.

"माझंही असंच करतील का गं?" असं बहिणीने विचारलं, म्हणून हा खटाटोप.

आधी मेंदूचंच घेऊ. असली शस्त्रक्रिया अमेरिकेत व्हायची, यात वाद नाही. वॉल्टर फ्रीमन नावाचा डॉक्टर बर्फ फोडायच्या टोच्यासारखं हत्यार डोळ्याच्या खोबणीतून आत घालायचा. फ्रान्सिस ज्या वेस्टर्न स्टेट हॉस्पिटलमध्ये होती, तिथेही त्याने हे केलं. पण तिच्यावर नाही. ही कथा पसरली ती 1978 साली सिअॅटलच्या एका पत्रकाराने लिहिलेल्या तिच्या चरित्रातून. 1982 मध्ये तिच्यावर चित्रपट आला, तिची भूमिका केली नटी जेसिका लँगने, त्यातही तोच प्रसंग, आणि लोकांची खात्रीच पटली. पुढे पत्रकाराने चित्रपटवाल्यांना कोर्टात खेचलं, माझं पुस्तक उचललं म्हणून. आता खरी घडलेली हकीकत कुणाच्या मालकीची नसते. मालकी सांगायची तर "हे मी रचलंय" म्हणावं लागतं. आणि गडी म्हणाला की! पुस्तकातला काही भाग कल्पित असल्याची कबुली त्याने दिली, आणि सत्यकथा म्हणून विकलेल्या पुस्तकात निव्वळ बनवलेला मजकूर आहे, असं न्यायाधीशांनीही निकालात नोंदवलं. हॉस्पिटलच्या नोंदींत तिच्या अशा शस्त्रक्रियेचा मागमूस नाही. फॉरवर्डसोबत फिरणाऱ्या फ्रीमनच्या फोटोत टेबलावर आहे ती बाई दुसरीच.

आता 'जिवंत प्रेत'. 1950 मध्ये ती इस्पितळातून सुटली. 1953 मध्ये कोर्टाकडून आपले कायदेशीर हक्क परत मिळवले. सिअॅटलच्या एका हॉटेलात धुण्याचे कपडे निवडायचं काम केलं. 1958 ते 1964 इंडियानापोलिसच्या टीव्हीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम चालवला, पाहुण्यांच्या मुलाखती घेतल्या. पर्ड्यू विद्यापीठाच्या रंगमंचावर नाटकंही केली. पानंच्या पानं संवाद पाठ करणारं प्रेत! 1970 मध्ये, 56 व्या वर्षी, ती अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेली.

बाकी किरकोळ. ऑस्कर तिला कधीच मिळालं नाही. 'कम अँड गेट इट'मध्ये तिच्यासोबत असलेल्या वॉल्टर ब्रेननला मिळालं. देव नाही म्हणाली ती एका निबंधात, तो 1931 चा, शाळेतला, आणि त्याला 100 डॉलरचं बक्षीस होतं. 1935 मध्ये एका डाव्या वृत्तपत्राच्या स्पर्धेतून ती रशियाला जाऊन आली, आणि परतल्यावर त्याच वर्षी पॅरामाउंट या हॉलिवूडच्या सिनेमा कंपनीने तिला करारबद्ध केलं. 1937 मध्ये न्यूयॉर्कला ग्रुप थिएटर या नाट्यसंस्थेच्या 'गोल्डन बॉय' नाटकात ती होती. पोलिसांनी 1942 मध्ये पकडलं ते युद्धकाळातल्या ब्लॅकआउटमध्ये गाडीचे दिवे लावून जाताना. प्रकरण तिथून चिघळत गेलं.

हं, एक मान्य करावं लागतं, जिवावर आलं तरी. तिचे हाल झाले. सरकारने नाही, 1944 मध्ये आईनेच तिला इस्पितळात घालण्यासाठी तक्रार दिली. इन्सुलिनचे शॉक, म्हणजे इन्सुलिन टोचून बेशुद्ध करणं, तेही दिले गेले. दुसऱ्या खेपेला, 1945 पासून जवळपास पाच वर्षं ती आत होती. तो काळ भयंकरच होता. पण त्या काळाची भीती घालून आज माझ्या बहिणीच्या हातातली गोळी काढून घ्यायची? आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल न देता विजेचे शॉक देण्यावर बंदी आहे, आणि मेंदूवरची असली शस्त्रक्रिया रुग्णाची संमती आणि त्या कायद्याखालच्या मंडळाची मंजुरी यांशिवाय करताच येत नाही. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

काल रात्री मावशीकडे गेले, बहिणीला हे सगळं सांगितलं. तिने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तशी गोळी घेतली. मग विचारते, "त्या टीव्हीच्या कार्यक्रमात ती काय करायची गं?"

"दुपारी जुने सिनेमे दाखवायची."